काव्यप्रतिसाद, गोमंतकीय

काव्यप्रतिसाद, गोमंतकीय : हौशी कवींनी एकमेकांच्या कविता वाचून दाद द्यायची, चुकलेली मात्रा दाखवायची, आणि जमलेच तर कवितेला कवितेनेच उत्तर द्यायचे, असा गोव्यातल्या मराठी लिहिणाऱ्यांत रुळलेला व्यवहार. आज तो बराचसा मोबाइलच्या पडद्यावर चालतो. साहित्यसमूह, प्रतिसाद, उपक्रम हे त्याचे चालू शब्द. ‘हौशी’ हा शब्द इथे ‘हौशी रंगभूमी’तल्यासारखा घ्यायचा. गावच्या जत्रेतल्या नाटकात रात्री राजा झालेला माणूस सकाळी बँकेच्या खिडकीत बसतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. या कवींचेही तसेच. निवृत्त शिक्षक, परिचारिका, पंचायतीतले कारकून, दुकानदार, घर सांभाळून लिहिणाऱ्या बायका अशी ही मंडळी असतात. कवितेवर कुणी पोट भरत नाही, त्यामुळे कवितेची मिळकत म्हणजे प्रतिसाद.

या व्यवहाराचे मूळ मोबाइलमध्ये शोधणे चूक ठरेल. गोव्यात गाणे एकट्याचे कमी आणि समोरासमोरचे जास्त. पौषात धालो, म्हणजे बायकांची नाचगाणी, रंगतात तेव्हा मांडावर, त्यासाठी राखलेल्या अंगणात, बायकांच्या दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलून पुढे न्यायची. ओळ पडू द्यायची नाही, एवढाच नियम. भजनातही बुवाने अभंगाचा चरण टाकला की मागचे झील धरतात, आणि झील सैल पडली तर कितीही चांगला गळा उघडा पडतो. घुमट या मातीच्या वाद्यावरची घुमटआरती ऐकलेल्यांना हे सांगायला नको. पेडणे आणि त्याला लागून असलेल्या सावंतवाडी भागात डबलबारीची गोडी आहे. तिथे एका बुवाने टाकलेल्या कोड्याला दुसऱ्या बुवाने गाऊन उत्तर द्यायचे असते. या सगळ्यांत श्रोता आणि गाणारा यांच्यातली भिंत फार पातळ. ऐकणाऱ्याची पाळी येणारच असते. समूहावर कविता टाकणारा कवी आणि तिच्याखाली चार ओळी जोडणारी कवयित्री हे नाते या मांडावरूनच आले आहे, असे मानायला जागा आहे.

दाद हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ न्याय. मराठीने दोन्ही अर्थ ठेवले: कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. गोव्यातल्या हौशी काव्यव्यवहारात दुसरा अर्थ भरपूर वापरला जातो, पहिल्याची आठवण क्वचित काढली जाते.

छापील काळातला प्रतिसाद सावकाश येई. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदू समाजाला शिक्षण, सभा, छपाई यांत मोकळीक मिळाली. मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके त्यानंतर जोमाने निघाली. मडगावला १९३० साली मराठी साहित्य संमेलन भरले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची नजर असे, त्यामुळे एकमेकांना वाचून दाखवणे हाच कवितेचा सुरक्षित मार्ग होता. बा. भ. ऊर्फ बाकीबाब बोरकर (१९१०–१९८४) आपल्या कविता गाऊन म्हणत. त्या ऐकताना माना डोलवणारी पिढी गोव्यात आजही भेटते, आणि अमुक ओळीला बाकीबाब कसे थांबत हे हातवारे करून सांगते. पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यावर चित्र पालटले. मार्च १९६२ मध्ये दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झाले, पुढे इतर मराठी दैनिके आली आणि रविवारच्या पुरवणीत कविता छापून येणे ही गावात मिरवायची गोष्ट झाली. पुरवणी आली की कुणीतरी पोस्टकार्ड टाकी. ‘आपली कविता वाचली, फार आवडली’ एवढेच त्यात असे, पण ते कार्ड वर्षानुवर्षे डायरीत दडवलेले असे.

आजच्या समूहांमध्ये साठी ओलांडलेले इतके का, याचे उत्तरही त्याच काळात आहे. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांत घरातली पहिली अक्षरे गिरवणारी मुले त्या शाळांतून निघाली. पाठ्यपुस्तकातल्या कविता त्यांना पाठ, वृत्तांची चाल कानात, पण नोकरी-संसारात लिहायचे राहून गेले. निवृत्तीच्या सुमारास हातात मोबाइल आला आणि त्यावर देवनागरी उमटू लागली. चाळीस वर्षे कोंडलेली कविता मग एकदम सुटली. प्रमाण थोडे जास्तच झाले, हेही खरे.

समूहाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी संयोजक विषय देतो: एखादा शब्द, एखादी ओळ किंवा छायाचित्र. छायाचित्रावरून लिहिले तर ते चित्रकाव्य. प्रकारही नेमून दिलेला असतो. अष्टाक्षरी सर्वांत लोकप्रिय. शिवाय सहाक्षरी, चारोळी, हायकू, आणि ओळीच्या शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या तोंडी घेणारी शेल. दुपारी जेवणे आटोपली की रचना येऊ लागतात, रात्री प्रतिसाद. आठवड्याच्या शेवटी परीक्षक निकाल लावतो आणि फुलांची नक्षी, सरस्वती आणि कवीचा पासपोर्ट फोटो असलेली रंगीत सन्मानपत्रे वाटली जातात. उत्कृष्ट, सर्वोत्कृष्ट, लक्षवेधी, प्रथम अशा श्रेणी इतक्या असतात की रिकाम्या हाताने सहसा कुणी परत जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहात काही वर्षे २५६ जणांचीच सोय होती, त्या काळात बऱ्याच समूहांनी ‘भाग २’ काढले. भाग १ मधली मंडळी स्वतःला किंचित जुनी-जाणती समजत.

प्रतिसादाची स्वतःची परिभाषा तयार झाली आहे. ‘खूप छान रचना, ताई’ हा पाया. त्यावर ‘अप्रतिम’, ‘भावपूर्ण’, ‘वास्तव मांडलंत, सर’, ‘लेखणीला सलाम’. ‘पु.ले.शु.’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. हे वाचले की जाणकाराने समजावे, कविता अर्धीच वाचली गेली आहे. ‘निःशब्द’ असे लिहून खाली सहा ओळींचा अभिप्राय देणारेही आहेत. गोव्यात याला कोकणीची फोडणी असते. ‘बरें जालां’ अशी दाद येते आणि कवी ‘देव बरें करूं’ म्हणून आभार मानतो. बायका एकमेकींना ताई म्हणतात, शिक्षक निवृत्त झाला तरी सरच राहतो, आणि वयाने लहान कवयित्रीला थोरली मंडळी ‘बाय’ म्हणतात तेव्हा त्यात कौतुकाचा ओलावा असतो.

या साच्यातल्या प्रतिसादांची टवाळी करणे सोपे आहे, आणि समीक्षक ती करतातही. पण ज्या घरात ‘आता हे काय नवीन?’ एवढाच प्रश्न कवितेच्या वाट्याला आला, तिथल्या बाईला अनोळखी चाळीस जणांनी ‘छान’ म्हणणे ही लहान गोष्ट नाही. पहिल्या वर्षी ‘छान’ लागतेच. अडचण तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होते, जेव्हा कविता पुढे जायला तयार असते आणि प्रतिसाद जागचा हलत नाही.

दुरुस्तीचा प्रतिसाद दुर्मीळ असला तरी खरे काम तोच करतो. एक नमुना पाहू. विषय ‘होडी’, प्रकार अष्टाक्षरी. अष्टाक्षरीत ओळीला आठ अक्षरे हवीत. जोडाक्षर एकच धरतात, आणि चार-चारावर विराम आला तर ओळ तोंडात बसते. समजा, कुणी लिहिले:

मांडवीच्या काठावर
एकटी उभी आहे होडी

पहिली ओळ चोख. दुसरीत नऊ अक्षरे भरतात. ‘आहे’ काढून टाकले तर सातच उरतात. घाईतला दुरुस्तीकार इथे ‘ही’ घुसवतो, ‘एकटी उभी ही होडी’. आठ भरतात, पण ‘ही’ भरीची आहे हे लपत नाही, शिवाय विराम ‘उभी’च्या मधोमध पडतो. कान असलेला माणूस म्हणतो, एक च घाला: ‘एकटीच उभी होडी’. आता चार आणि चार. आणि नुसती संख्या भरली नाही, होडीचे एकटेपणही वाढले. एवढ्या एका अक्षरात नवोदिताला जे कळते ते दहा सन्मानपत्रांत कळत नाही. मग तिसरीच कुणी बेतीहून पणजीला रोज येणारी बाई, पुलाकडे बघत, पुढच्या दोन ओळी जोडून देते:

पुलावर गाड्या गाड्या
तिची कुणा नाही गोडी

पुलाआधी याच नदीवर फेरीबोटीचा आणि होड्यांचा राबता होता, हे माहीत असणाऱ्याला ही ‘गोडी’ केवळ यमकासाठी आली आहे असे वाटणार नाही. आता ही चार ओळींची रचना नक्की कुणाची? धालोच्या मांडावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. समूहावर मात्र विचारला जातो, आणि कधी कधी चांगला कडाडून.

चूक दाखवायची ती खासगीत, असा अलिखित संकेत आहे. सर्वांदेखत ‘दुसरी ओळ लंगडते’ म्हटले की कवी दुखावतो, त्याचे स्नेही धावून येतात, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी समूह सोडून गेल्याची राखाडी ओळ दिसते. गझलेच्या वर्तुळात याउलट रीत आहे. तिथे उर्दूतून आलेली इस्लाहची, म्हणजे जाणत्याकडून शेर तपासून घेण्याची परंपरा मानली जाते. सुरेश भट (१९३२–२००३) यांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तिने मराठीत या शिस्तीला पाया दिला. काफिया, म्हणजे यमक, चुकला तर चुकला असे गझलेवाले तोंडावर सांगतात. गोव्यातले मुक्तछंदवाले त्यांना जरा बिचकून असतात.

कवितेला कवितेने उत्तर देणे हा या व्यवहाराचा सर्वांत सकस भाग. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत माटोळीवर, गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीवर, कविता आली की ती कधीच एकटी राहत नाही. एकाने सुपारीचा घोस आणि आंबाडे बांधलेले असतात. लगेच सत्तरीहून विचारणा होते, ‘तुमच्या माटोळीला कांगलां नाहीत?’ कांगलां हे रानफळ, आणि त्याच विचारणेच्या पोटातून दुसरी कविता निघते, रानात फळे आणायला गेलेल्या बापाची. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंपूवर, कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पाटाच्या पाण्यावर, जूनमध्ये वीज गेल्यावरच्या अंधारावर अशा साखळ्या पाहायला मिळतात. पावसाच्या कवितांना तर पावसासारखाच सुमार नसतो.

सगळेच विषय असे जुळून येत नाहीत. म्हादईवरच्या कवितेला एकमुखाने दाद मिळते. नदी सगळ्यांची आहे. लोहखनिजाच्या खाणींवर लिहिले की समूह गप्प होतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत डोंगर वाचल्याचा आनंद आणि दारात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हप्त्यांची चिंता एकाच वाड्यावर, कधी एकाच घरात होती. लाल धुळीवरच्या उत्तम कवितेखाली पाच-सहाच प्रतिसाद आणि तिच्यानंतर आलेल्या ‘आई’वरच्या सामान्य कवितेखाली साठ, असे दिसते त्याचे कारण काव्यगुणांत शोधू नये.

भाषेचा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद केली. त्याभोवतीचा वाद अजून पुरता निवलेला नाही. काही समूह ‘केवळ मराठी’ असा नियम करतात. व्यवहारात मात्र बहुतेक कवी दोन्हींत लिहितात, जसे बोरकरही लिहीत; साहित्य अकादेमीचा पुरस्कार त्यांना कोकणी संग्रहासाठी मिळाला होता. मराठी कवितेत मध्येच एखादा कोकणी शब्द आला तर पुण्या-मुंबईकडचे सदस्य त्याचा अर्थ विचारतात, आणि गोव्यातली मंडळी अर्थ सांगण्याच्या निमित्ताने आपल्या आजीपर्यंत जाऊन येतात. वाद सभेत, कविता दोन्हींत, असा हा तह आहे.

व्यवहाराच्या कुरबुरी ठरलेल्या. नाव खोडून कविता पुढे पाठवणे ही सर्वांत मोठी. म्हणून प्रत्येक रचनेखाली नाव, गाव आणि ‘नावासह पुढे पाठवावी’ अशी विनंती असते. दुसरी, देवाणघेवाणीचा हिशेब. ‘मी त्यांच्या कवितेला लिहिते, ते माझ्या कवितेला लिहीत नाहीत’ ही तक्रार उघड होत नाही, पण ठेवली जाते. तिसरी, प्रातिनिधिक संग्रहांची. पानामागे ठरावीक रक्कम भरून कविता छापायची, आणि पुस्तक हाती आल्यावर आपलेच नाव चुकलेले पाहायचे. तरी पुढच्या संग्रहाला माणसे पैसे भरतातच.

वर्षाकाठी एकदा तरी ही माणसे प्रत्यक्ष भेटतात. पणजीत १८७१ साली स्थापन झालेल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेचे सभागृह, पर्वरीची गोमंतक मराठी अकादमी, मडगावचे गोमंत विद्या निकेतन, तालुक्याची रवींद्र भवने किंवा एखाद्या देवळाचा सभामंडप अशा जागी कविसंमेलन होते. चहाच्या रांगेत ‘अगो, तू ती?’ असे उद्गार निघतात, कारण पडद्यावरचा फोटो लग्नाच्या आल्बममधला असतो. मग वाचन सुरू होते. प्रत्येकाला तीन मिनिटे, आणि तीनची पाच होतात. पडद्यावर एकेका कवितेला दहा-दहा टाळ्या पाठवणारे हात तेव्हा मांडीवर घडी घालून असतात. बोटांच्या पेरांवर कुणी हळूच आठ अक्षरे मोजत असते, आणि ती बहुधा व्यासपीठावरच्या कवितेची नसतात, पाळी आली की आपल्याला वाचायच्या कवितेची असतात.