व्हॅक्सीन (शब्द)

व्हॅक्सीन म्हणजे लस : रोग गाठण्याआधीच शरीराला त्याची ओळख करून देऊन तयार ठेवणारे औषध. शब्द मूळचा लॅटिन. ‘वाक्का’ म्हणजे गाय; त्यावरून ‘वाक्किनुस’, म्हणजे गाईचा, गाईपासून आलेला. बेळगावच्या मराठी माणसाला मात्र हा शब्द दवाखान्याआधी पत्त्यात भेटतो. टिळकवाडीतला ‘व्हॅक्सिन डेपो’ रिक्षावाल्याला एवढ्या दोन शब्दांत कळतो.

गाय या शब्दात शिरली ती देवीच्या रोगापायी. वैद्यकात देवीला ‘वारिओला’ म्हणतात. हे नाव बहुधा ‘वारिउस’, म्हणजे ठिपकेदार, यावरून पडले. गाईच्या सडांवर उठणाऱ्या सौम्य फोडांना इंग्लंडमधील वैद्य एडवर्ड जेन्नर याने ‘वारिओले वाक्किने’, गाईच्या देवी, असे नाव दिले. १४ मे १७९६ रोजी त्याने धारा काढणाऱ्या सारा नेल्म्सच्या हातावरील फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचूनही त्या मुलाला देवी आल्या नाहीत. १७९८ मध्ये जेन्नरने आपली निरीक्षणे छापली आणि १८०० मध्ये रिचर्ड डनिंग या शल्यवैद्याने टोचण्याच्या क्रियेसाठी ‘व्हॅक्सिनेशन’ हे नाम वापरात आणले.

तोवर अर्थ काटेकोर होता : गाईच्या फोडातला द्रव, देवीवर. तो सैल केला लुई पाश्चरने. कोंबड्यांचा कॉलरा आणि गुरांचा फाशी रोग यांवरच्या त्याच्या औषधांत गाईच्या देवीचा अंशही नव्हता. तरी जेन्नरच्या सन्मानार्थ त्यांनाही हेच नाव द्यावे, असे त्याने १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत सुचवले. म्हणून आज पोलिओच्या थेंबांच्या नावातही गाय आहे. संस्कृतातील ‘वशा’, म्हणजे गाय, या शब्दाशी ‘वाक्का’चे नाते काही भाषाशास्त्रज्ञ जोडतात, ते सर्वमान्य नाही.

मराठीने गाय घेतली नाही, द्रव घेतला. जखम चिघळली की तिच्यातून ‘लस येते’. फोड फुटला की ‘लस वाहते’. तीच चिकट, पाणीदार लस टोचायच्या औषधाचे नाव झाली. संस्कृत वैद्यकात अशा द्रवाला ‘लसीका’ म्हणतात. जेन्नरने सुरीच्या टोकावर घेतले ते नेमके हेच, त्यामुळे मराठी शब्द त्या पहिल्या प्रयोगाच्या अधिक जवळ जातो, असे म्हणायला हरकत नाही. जुन्या पिढीच्या तोंडी तर ‘लस’ही नसे, ‘देवी काढल्या’ असे म्हणत. रोगही देवी आणि त्यावरची टोचणीही देवीच. हातावरचा गोल, किंचित खोलगट, सुरकुतलेला वण दाखवून ‘ह्या काढलेल्या देवी’ असे सांगणारी वडीलधारी माणसे सीमाभागातल्या घराघरांत होती.

भारतात पहिली यशस्वी टोचणी मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला झाली. लस बगदाद, बसरामार्गे आली होती, तीही एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी माणसांच्या अंगावरून. बाटलीत ती उन्हाने निकामी होई. यावर उपाय म्हणून पुढे वासरांवर लस धरू लागले : वासराच्या पोटावरचे केस काढून, कातडीवर बारीक ओरखडे पाडून त्यात लस चोळायची, चार-पाच दिवसांनी फोड भरले की ते खरवडून, ग्लिसरीनमध्ये घोटून थंड जागी ठेवायचे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, हवा गार. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे लसनिर्मितीची संस्था उभी राहिली आणि मुंबई इलाख्याला इथून लस जाऊ लागली. गावाने तिला साठवणीच्या अर्थाचे ‘डेपो’ हे सुटसुटीत नाव दिले. ‘व्हॅक्सिन’ला मूळ अर्थ शब्दशः लागू पडत होता ती जागा ही, इथल्या लसीत खरोखरच वासरू होते.

८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आता डेपो म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर झाडी, मोठे मैदान आणि सकाळी फिरायला येणारी माणसे येतात.

कन्नडमध्ये लसीला ‘लसिके’ म्हणतात. संस्कृतातला तोच शब्द दोन्ही भाषांनी आपापल्या वळणाने ठेवला आहे. देवीच्या रोगाची नावे मात्र वेगळी : मराठीत देवी, कन्नडमध्ये ‘सिडुबु’. खानापूरकडच्या आरोग्य केंद्रात बाळाला घेऊन आलेली आई ‘लस द्यायची हाय’ म्हणते, नर्सबाई कन्नडमधून ‘लसिके’ म्हणतात, आणि दोघींनाही दुभाषा लागत नाही.