दोन कोपरे कापलेली सोन्याची वीट

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मावेल तेवढी सोन्याची भुकटी म्हणजे एक डॉलर. १८४९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानांत असा हिशेब चाले. दुकानदाराची बोटं जाड असली की गिऱ्हाईक बुडालंच.

१८४८ च्या जानेवारीत जेम्स मार्शलला कोलोमाच्या लाकूड-गिरणीपाशी सोनं दिसलं आणि कॅलिफोर्नियात माणसांची रीघ लागली. सोनं उदंड झालं, पण नाणी नव्हती. सरकारी टांकसाळी सगळ्या खंडाच्या दुसऱ्या बाजूला, आणि बंदरावरची जकात तर नाण्यांतच भरायची. औंसभर भुकटीला टांकसाळीत साधारण १८ डॉलर मिळाले असते, ती व्यापारी १६ ला घेत; अडलेल्याकडून त्याहूनही स्वस्तात.

ही कोंडी खासगी टांकसाळींनी फोडली. अमेरिकेच्या राज्यघटनेनं राज्यांना नाणी पाडायला मनाई केली होती, खासगी माणसाला नाही. त्यामुळे मॉफट, नॉरिस-ग्रेग, बाल्डविन, वास-मोलिटर अशा पेढ्यांनी आपापले ठसे तयार केले. पण सरकारचा शिक्का नसलेलं नाणं लोकांनी घ्यायचं कशाच्या भरवशावर? वजन तराजू सांगतो. कस कोण सांगणार?

नदीतल्या सोन्यात निसर्गतःच चांदी मिसळलेली असते. कॅलिफोर्नियाच्या सोन्यात हजारात साधारण ८८० भाग सोनं निघे. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून अंदाज येतो, पण नाण्याला अंदाज पुरत नाही. तिथे अग्निपरीक्षाच लागते, आणि ती शब्दशः अग्नीत होते.

अर्धा ग्रॅम नमुना काटेकोर तोलायचा. त्यात सोन्याच्या अडीच-तीन पट चांदी घालून सगळं शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचं आणि हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत सरकवायचं. ९०० अंशांच्या वर वितळलेलं शिसं हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तांब्यासारखं हीण सोबत घेऊन राखेत जिरतं. सोनं-चांदी मात्र जिरत नाही. शिशाचा शेवटचा पापुद्रा निघून जाताना थेंबावर रंग भिरभिरतात आणि तो एकदम लखकन उजळतो. ती खूण दिसली की पहिला टप्पा संपला.

मग तो मणी ठोकून पट्टी करायची, तिची गुंडाळी करून नायट्रिक आम्लात उकळायची. चांदी विरघळते. आधी मुद्दाम चांदी का घातली ते इथे कळतं: सोनं जास्त असेल तर ते आतल्या चांदीपर्यंत आम्ल पोचूच देत नाही. उरते ती तपकिरी, ठिसूळ सुरळी. ती तापवली की पुन्हा सोनेरी होते. तिचं वजन भागिले नमुन्याचं वजन म्हणजे कस. अर्धा मिलिग्रॅम इकडचा तिकडे झाला तर हजारात एकाचा फरक पडतो. आपल्याकडच्या हॉलमार्क केंद्रांतही सोन्याच्या कसाचा शेवटचा निवाडा याच पद्धतीनं होतो.

१८५१ मध्ये जेम्स किंग नावाच्या बँकरनं खासगी पेढ्यांची नाणी ऑगस्टस हंबर्ट या सरकारी पारख्याकडे पाठवली. बाल्डविनचं २० डॉलरचं नाणं १९ डॉलर ४० सेंटचं निघालं. तूट साधारण ०.९ ग्रॅम सोन्याची, डोळ्यांना न दिसणारी. निकाल वर्तमानपत्रात आला आणि ती नाणी कुणी पूर्ण किमतीला घेईना. थोड्याच दिवसांत बाल्डविननं गाशा गुंडाळला. तीन टक्क्यांनी एक टांकसाळ बुडाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

स्वतः हंबर्टनं ५० डॉलरचं अष्टकोनी नाणं काढलं, सात तोळ्यांहून जड. चांदी वेगळी करायला लागणारं आम्ल तिथे पुरेसं मिळत नव्हतं. म्हणून त्यानं सोनं होतं त्याच कसाचं ठेवलं आणि नाण्यावर उघड आकडा घातला: ८८०, पुढे ८८७.

१८५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी टांकसाळ उघडली. १८६४ च्या कायद्यानं खासगी नाणी बंद झाली. सरकारी टांकसाळ आल्यावरही पारखी पेढ्यांचं काम मात्र थांबलं नव्हतं. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये ‘सेंट्रल अमेरिका’ ही आगबोट वादळात कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर बुडाली, चारशेहून अधिक माणसांसह. १९८८ पासून तिच्यातलं सोनं वर येऊ लागलं. त्यात केलॉग आणि हंबर्ट यांच्या पेढीच्या विटा होत्या, प्रत्येकीवर वजन, कस आणि किंमत ठोकलेली. आणि प्रत्येकीचे समोरासमोरचे दोन कोपरे तासलेले होते. पारख्यानं नमुना तिथूनच घेतला होता.