पावणेचार महाराष्ट्र आणि एक कात्री

गूगल मॅपवर चीनच्या डोक्यावर आडवी पसरलेली एक लांबलचक पट्टी दिसते ना, ती इनर मंगोलिया. क्षेत्रफळ ११.८ लाख चौ. किमी, म्हणजे पावणेचार महाराष्ट्र आरामात बसतील. गंमत म्हणजे हा स्वायत्त प्रदेश कम्युनिस्ट चीनपेक्षाही वयाने मोठा! १ मे १९४७ ला स्थापन झाला, माओंचं सरकार आलं १९४९ ला. पुढारी होते उलानहू, मॉस्कोत शिकून आलेले मंगोल कम्युनिस्ट, पक्ष सरकार आणि लष्कर तिन्ही त्यांच्याच हातात.

इथले तालुके म्हणजे 'बॅनर', मंगोल भाषेत होशू. (बॅनर म्हणजे आपल्याकडचा वाढदिवसाचा फ्लेक्स नव्हे हं.) चीनवर पूर्वी राज्य करणाऱ्या चिंग घराण्याच्या बादशहांनी मंगोलांना होशूंमध्ये वाटलं, प्रत्येकाची चराई ठरलेली, हद्द ओलांडायची नाही, आणि काही होशू मिळून एक 'लीग', जिचं नाव बहुतेकदा बैठक जिथे भरायची त्या जागेवरून पडायचं. कम्युनिस्टांनी ही जुनी व्यवस्था मोडली नाही, तशीच वापरली.

१९५४ मध्ये शेजारचा सुइयुआन प्रांत यात विलीन केला. वरवर बघता मंगोलांचा फायदाच, प्रदेश वाढला, राजधानीचं 'ग्वेसुई' हे चिनी नाव जाऊन होहोत म्हणजे 'निळं शहर' आलं. पण सुइयुआनमध्ये हान चिनी (चीनमधला बहुसंख्य समाज) शेतकरी खच्चून भरलेले, त्यामुळे नकाशा वाढला आणि मंगोलांचा टक्का घसरला. मला तरी खरी मेख इथेच वाटते.

मग सांस्कृतिक क्रांती आली, म्हणजे 'क्रांतीचे शत्रू' शोधून काढायची माओंची मोहीम. १९६६ ला उलानहूंनाच हटवलं, 'छुपे फुटीरतावादी' म्हणून मंगोलांची धरपकड झाली, सरकारी आकड्यानुसारच १६ हजारांवर माणसं मेली. १९६९ मध्ये सोव्हिएत रशियाशी सीमेवर गोळीबार झाला तेव्हा बीजिंगने थेट कात्रीच चालवली: पूर्वेकडच्या लीग शेजारच्या हेलोंगजियांग, जिलिन, लियाओनिंग प्रांतांना, पश्चिमेचं आल्शा गान्सू आणि निंगश्याला, निम्म्याहून जास्त भूभाग गेला. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. १९७९ ला सगळं परत जोडलं.

आता कात्री नाही, पाट्या बदलतात. बहुतेक लीगची 'शहरं' झालीत, तीनच उरल्यात. हुलुनबुइर हे २००१ पासून कागदावर शहर, अडीच लाख चौ. किमीचं, आत माळरान, जंगल, मेंढ्या आणि होशूसुद्धा. नाशिकहून निघून नागपूर गाठावं इतकं अंतर गेलात तरी तुम्ही अजून त्याच शहरात.