पॅरामेट्रिक कॅड: क्रमाने दिलं, क्रमानेच अडवलं

कॅड म्हणजे संगणकावर डिझाइन काढण्याचं सॉफ्टवेअर. त्यात मापं आणि अटी संगणकानेच सांभाळाव्यात, ही 'पॅरामेट्रिक' कल्पना जुनीच. १९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी पीएच.डी.साठी केलेल्या 'स्केचपॅड' या प्रोग्राममध्ये दोन रेषा समांतर राहाव्यात, अशी अट घालता येत होती. पण कारखान्यांत पोचलेलं कॅड बराच काळ संगणकावरचा ड्रॉइंग बोर्डच राहिलं. भोकाचा व्यास बदलला की फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, सेक्शन, सगळं एकेक करून दुरुस्त करा.

हे बदललं सॅम्युअल गाइसबर्ग यांनी. लेनिनग्राडचे हे गणिती १९७४ मध्ये अमेरिकेत आले, तिथल्या कॅड कंपन्यांत राबले आणि १९८५ मध्ये त्यांनी पीटीसी ही स्वतःची कंपनी काढली. डिझाइनमधल्या बदलाचा खर्च जवळजवळ शून्यावर यावा, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या 'प्रो-इंजिनिअर' या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल म्हणजे नुसता आकार नव्हता, तो घडवण्याच्या पायऱ्यांची यादी होती: स्केच, एक्सट्रूड (स्केच ओढून त्याला जाडी देणं), भोक, फिलेट (कडेला दिलेली गोलाई). वरचं एक माप बदललं की खालचं सगळं नव्याने मोजलं जाई. ड्रॉइंग आणि असेंब्लीही मागोमाग बदलत. एकाच भागाचे दहा आकार काढणाऱ्यांना तर हे वरदानच. १९९५ मध्ये 'सॉलिडवर्क्स' या सॉफ्टवेअरने हीच पद्धत विंडोजच्या साध्या पीसीवर आणली.

अडचणही त्या यादीतच होती. फिलेट एका विशिष्ट कडेला बांधलेला असतो. वरच्या पायरीत ती कड नाहीशी झाली, किंवा सगळं नव्याने मोजल्यावर सॉफ्टवेअरला ती ओळखताच आली नाही, की फीचर ट्री, म्हणजे पडद्यावरची ती पायऱ्यांची यादी, चुका दाखवत लाल होतो. कडांच्या ओळखीचा हा घोळ 'फ्रीकॅड' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं गाजला; त्यावरचा मोठा उपाय २०२४ च्या १.० आवृत्तीत आला. त्यातून मॉडेल दुसऱ्याने केलेलं असेल, तर कुठली पायरी कशावर टेकली आहे हे शोधण्यापेक्षा पुष्कळदा नव्याने काढणं परवडतं.

म्हणूनच इतिहास न ठेवता थेट पृष्ठभाग ओढण्याची पद्धत टिकून राहिली. २००८ मध्ये सीमेन्सने 'सिंक्रोनस टेक्नॉलॉजी' आणून दोन्हींची सांगड घालायचा प्रयत्न केला.

याच्या उलटही गरज होतीच. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्टेप फाइल (कॅड सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाणीसाठीचा फाइलप्रकार) नेली की आकार येतो, पायऱ्या मागेच राहतात. त्या परत शोधणारं 'फीचरवर्क्स' हे सॉलिडवर्क्सचं जोडसॉफ्टवेअर मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीने बनवलं. भोक आणि फिलेट त्याला ओळखता येतात. ते माप मूळ डिझायनरने का निवडलं होतं, हे मात्र फाइलमध्ये नसतंच.