जमीन दलाली, ग्रामीण विदर्भातील

शेतजमीन, गावठाणातील जागा आणि तालुक्याच्या गावी पडणाऱ्या लेआउटमधील प्लॉट यांच्या विक्रेत्याची व खरेदीदाराची गाठ घालून देणे, सौदा बसवणे आणि विक्रीपत्राच्या नोंदणीपर्यंत पाठपुरावा करणे, हा व्यवसाय. या नोंदीत मुख्यतः त्यात नव्याने उतरणाऱ्याच्या पूर्वतयारीचा विचार केला आहे. जमीनधारणेचा इतिहास कळल्याशिवाय ती तयारी समजत नाही, म्हणून आधी तो पाहणे इष्ट.

वऱ्हाडात हा व्यवसाय साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला असावा. त्याचे श्रेय बहुधा अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळातील कापसाच्या तेजीला आणि पाठोपाठ आलेल्या रेल्वेला दिले जाते. तथापि कापूस हिंगणघाटच्या बाजारातही होता, आणि तो भाग मालगुजारीचा, म्हणजे गावाची मालकी मालगुजाराकडे असण्याच्या पद्धतीचा. तेथे गावाच्या मालकीचे हिस्से आण्यांच्या हिशेबाने विकले जात. कुळांच्या वहितीवर मात्र हस्तांतरणाची बंधने होती. याउलट १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी (शेतकऱ्याशी थेट सारा ठरवणारी) पाहणी झाली आणि खातेदाराला आपले शेत विकता-गहाण टाकता येऊ लागले. त्यामुळे कापसाच्या भावापेक्षा धारणापद्धती हेच मूळ कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने (१९५४) भूमिस्वामी व भूमिधारी असे हक्क ठरवले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाल्यावर निर्बंध नसलेले भूमिस्वामी भोगवटादार वर्ग १ मध्ये, तर भूमिधारी आणि हस्तांतरणाचे निर्बंध असलेले भूमिस्वामी वर्ग २ मध्ये गेले. सातबाऱ्यावरील ‘भूधारणा पद्धती’ या छोट्याशा रकान्यात हा सगळा इतिहास साठलेला असतो. नवशिक्या दलालाने शेत पाहायला धुऱ्यावर (बांधावर) जाण्याआधी हा रकाना पाहावा. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. असा सौदा इसारावरच अडकला, तर कास्तकाराच्या मुलीचे लग्न आणि खरेदीदाराची आयुष्यभराची पुंजी दोन्ही टांगणीला लागतात.

पूर्व विदर्भात चालू सातबाऱ्यावर थांबून भागत नाही. १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी काढून मूळ धारक कोण, जमीन आदिवासी खातेदाराची होती काय, हे पाहावे लागते. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला देण्यास संहितेच्या कलम ३६-अ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते. भूदानात मिळालेल्या जमिनीही सर्वसाधारण विक्रीस खुल्या नाहीत. नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ ही आणखी एक नोंद आढळते. जागेवर एकही झाड नसले, तरी अशा जमिनी वनजमीनच मानाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. अकृषकाला शेती घेण्यास विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ८९ आडवे येते. म्हणून खरेदीदाराकडे शेतकरी असल्याचा पुरावा पहिल्याच भेटीत मागावा.

मोजमापात घोटाळा सहज होतो. बोलणे एकरात चालते, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि पूर्वेकडील जुन्या कागदांत डिसमिल येतात. ०.४० म्हणजे सुमारे एक एकर, १.२१ म्हणजे तीन. शंभर डिसमिलचा एक एकर. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा वा बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क सापडतो. पांदण रस्ता (शेतांकडे जाणारी वाट) नकाशावर असून प्रत्यक्षात कोणी नांगरून शेतात घेतलेला असेल, तर शेताचा भाव पडतो. हे पटवारी हलक्याच्या (तलाठ्याच्या सज्जाच्या) कागदांवरून कळत नाही, लगतच्या धुरेकऱ्याला विचारावे लागते.

केवळ शेतजमिनीच्या सौद्यासाठी महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) नोंदणीची गरज पडत नाही. नियोजन क्षेत्रातील नोंदणीस पात्र लेआउटचे प्लॉट विकायचे, तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे एजंटाची नोंदणी आवश्यक आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील प्रकल्पांना कायद्याने वगळले आहे. महारेराच्या २०२३ मधील आदेशाने वीस तासांचे प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक झाली. नोंदणी पाच वर्षे टिकते. समृद्धी महामार्गाच्या आंतरबदल चौकांलगत (इंटरचेंजपाशी) लेआउटचे फलक दिसतात. तेथे काम शोधणाऱ्याने प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि अकृषिक (शेतीबाह्य वापराच्या परवानगीचा) आदेश स्वतः वाचल्याशिवाय गिऱ्हाईक नेऊ नये.

प्रत्यक्षात बहुतेक जण जुन्या दलालाच्या हाताखाली किंवा गुढीपाडव्याच्या सुमारास शेते मक्त्याने लावून देत या व्यवसायात शिरतात. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आल्यावर, दिवाळीनंतर, सौद्यांची बोलणी वाढतात आणि पेरणीच्या तोंडावर ती थंडावतात. दलाली दोन्ही बाजूंकडून साधारण एक ते दोन टक्के ठरते व बहुधा रजिस्ट्रीच्या दिवशी मिळते. ती इसारपत्रात किंवा वेगळ्या कागदावर लिहून घेण्याची पद्धत खेड्यांत अद्याप फारशी रुळलेली नाही.