ठळक म्हणजे मथळा नव्हे

अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात, जिन्याखालच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छापायची पानं लावायच्या खोलीत मध्यंतरी माझ्या तीन दुपारी गेल्या. काम किरकोळ वाटलं होतं. वीस वर्षांपूर्वी पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या पाककृतींच्या पुस्तकाचं ई-बुक करायचं होतं. जुन्या संगणकावर फाइल उघडली, पानं जशीच्या तशी दिसली. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, तर 'पिठलं'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्क्यांची खिचडी.

"पान बरोबर दिसतंय ना? मग झालं की," डीटीपीवाले काका म्हणाले. त्यांची उभी हयात या धंद्यात गेलेली, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. छापायच्या पानाकडून तेवढीच अपेक्षा असते.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये जेमतेम २५६ घरं असायची. इंग्रजी अक्षरांच्या त्या घरांत काना, मात्रा, अर्धा प असे देवनागरीचे तुकडे बसवलेले. आपल्याला मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजीच असतं. पहिल्या वेलांटीची तर मजाच आहे. डोळ्यांना ती 'प'च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलीत ती आधीच साठवलेली. युनिकोडमध्ये आधी प, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो तो क्रम. तिला डावीकडे नेऊन काढायचं काम फाँटचं. हे सगळं, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने बरंचसं निस्तरतं. रफार आणि जोडाक्षरं तेवढी डोळ्यांत तेल घालून तपासायची.

अक्षरं मराठी झाली, आणि मग खरं दुखणं समोर आलं. पदार्थाचं नाव १६ पॉइंट ठळक, 'साहित्य' १२ पॉइंट ठळक. वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही, त्याला कळतं. पण मोबाइलवर अनुक्रमणिका हवी असली, किंवा दृष्टिहीन वाचकाला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर थेट पुढच्या पदार्थावर जायचं असलं, तर यंत्राला तिथे नाव दिसतच नाही. दिसतात ती मोठी, काळी अक्षरं.

यावरचा उपाय छापखान्यातूनच आलेला आहे. हस्तलिखिताच्या समासात संपादक 'हे ठळक घ्या', 'इथे परिच्छेद' अशा खुणा करत. इंग्रजीत त्या खुणांना मार्कअप म्हणत. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनी खुणांचा अर्थच फिरवला. 'ठळक घ्या' नाही लिहायचं, 'हा मथळा आहे' असं लिहायचं. तो कसा छापायचा हे नंतर, दुसरीकडे ठरवू. त्यांच्या भाषेचं नाव जीएमएल, तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं! तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि त्याची सुटसुटीत आवृत्ती म्हणजे फेब्रुवारी १९९८ची एक्सएमएल. तिच्यात खुणांची नावं आपण ठरवायची, अगदी मराठीतसुद्धा:

<पाककृती>
<नाव>पिठलं</नाव>
<साहित्य>बेसन, १ वाटी</साहित्य>
<कृती>फोडणीत पाणी घालून उकळी आणा.</कृती>
</पाककृती>

डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या चिठ्ठ्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. शब्द कुठला, उतारा कुठला, तो कुठल्या ग्रंथातला, हे वेगवेगळं नोंदवल्याशिवाय चिठ्ठी कामाचीच नाही.

मग डीटीपीचं सॉफ्टवेअर फेकून द्यायचं का? मुळीच नाही. इनडिझाइनमध्ये प्रत्येक परिच्छेदाला स्टाइल, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत याचा नाव दिलेला साचा, लावता येते. ऑपरेटर ती लावतात वेळ वाचावा म्हणून. एकदा बदल केला की ४०० पानांवर होतो. पण स्टाइलचं नाव 'पदार्थाचं नाव' ठेवलं, 'सोळा ठळक' नाही, तर तीच स्टाइल खुणेचं काम करते. 'मॅप स्टाइल्स टू टॅग्ज' या सोयीने कुठल्या स्टाइलला कुठला टॅग, म्हणजे वरच्यासारखी खूण, हे एकदाच सांगायचं आणि एक्सएमएल बाहेर काढायची. ई-बुकची ईपब फाइलही आतून झिप केलेली टॅगवाली पानंच असते. फ्रेममेकर हे सॉफ्टवेअर आणखी कडक. पाककृतीत साहित्य आधी आणि कृती मागून, असा नियम घातला तर क्रम चुकल्याबरोबर ते बोट दाखवतं. म्हणूनच यंत्रांची जाडजूड मॅन्युअल लिहिणारे त्याच्या वाटेला जातात.

आमच्या फाइलीत स्टाइल नावाला नव्हती. ओळ बसत नाही म्हणून मध्येच एंटर, रकाने सरळ यावेत म्हणून स्पेसबारचा मारा. कागदावर काही कळलं नाही. टॅग लावल्यावर मात्र 'भरल्या' आणि 'वांग्याची भाजी' असे दोन पदार्थ निघाले, कारण मथळ्याच्या मधोमध एंटर होता. चौकटीतल्या टिपा तर सगळ्या पुस्तकाच्या शेपटाला जाऊन बसल्या, कारण चौकटी मूळ मजकुराशी जोडलेल्याच नव्हत्या. असा राग आला होता! पण काकांवर काढण्यात अर्थ नव्हता. त्यांना कुणी हे मागितलंच नव्हतं.

तिसऱ्या दुपारी आम्ही एकेक ठळक ओळ वाचायला बसलो. काका सांगायचे, मी स्टाइल लावायचो. नाव. साहित्य. टीप. नाव. पिठल्याखाली एक ओळ आली, 'मीठ बेताने घालावे', चांगली ठळक. काका म्हणाले, टीप. मी म्हणालो, कृतीतली पायरी. पाच मिनिटं वाद घालून शेवटी लेखिकाबाईंना फोन लावला.

"ते होय," बाई म्हणाल्या, "ते ठळक चुकून पडलंय. पहिल्या प्रुफातच खूण केली होती मी."