राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती

विधानसभेने पास केलेल्या प्रत्येक बिलाला दिल्लीची मंजुरी लागते असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नाहीये. राज्यसूचीतल्या (घटनेने राज्यांकडे दिलेल्या) विषयावरचं बिल राज्यपालांच्या सहीने कायदा होतं आणि तिथेच संपतं. महाराष्ट्राच्या जुन्या कायद्याची प्रत उघडली तर नावाखालच्या बारीक टिपेत संमती राज्यपालांची की राष्ट्रपतींची ते लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी राज्यपालच दिसतात.

दिल्लीची मंजुरी लागते ती मुख्यतः समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत. तिथे केंद्राचाही कायदा असला आणि राज्याचा त्याच्याशी भिडला तर केंद्राचा टिकतो, पण राज्यपालांनी बिल राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं आणि त्यांनी संमती दिली तर घटनेच्या कलम २५४(२) नुसार त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो (संसद नंतर तोही फिरवू शकते, ही मेख आहेच). मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, असाच, पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब त्यात पुरावा म्हणून चालतो जो एरवी चालत नाही, त्याला १९९९ मध्येच संमती मिळाली. तशाच धाटणीचं गुजरातचं बिल २००३ ला पास झालं, मध्ये परत आलं, पुन्हा पास झालं, आणि संमती मिळाली थेट २०१९ मध्ये, तेव्हा दिल्लीत कोणाचं सरकार आहे हा मुद्दा गौण होता असं म्हणवत नाही.

खरी गोम म्हणजे कलम २०१ मध्ये राष्ट्रपतींना मुदतच नाही. राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात केंद्राचं मंत्रिमंडळ. बिल परत पाठवलं तर विधिमंडळाने ६ महिन्यांत फेरविचार करायचा, पण तेच बिल पुन्हा पास केलं तरी संमती द्यायलाच हवी असं बंधन नाही. महाराष्ट्राचं १९९५ चं गोवंश हत्याबंदीचं बिल असंच पडून राहिलं, संमती आली २०१५ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ३ महिन्यांची मुदत घालून दिली होती, पण नोव्हेंबरमध्ये ५ न्यायाधीशांच्या घटनापीठाने मत दिलं की कोर्टाला अशी मुदत ठरवता येत नाही.

कॅनडात तर केंद्राला प्रांताचा झालेला कायदासुद्धा रद्द करता येतो, कागदावर. तो अधिकार शेवटचा वापरला १९४३ मध्ये.